शेवटच्या आधीची गोळी

सकाळी सहाच्या बसने स्वारगेट सोडलं तेव्हा माझ्या वहीत अकरा कामं लिहिलेली होती. त्यांतलं खरं काम एकच होतं, गूळ आणायचा. बाकीची दहा त्याच्या आजूबाजूची होती: लॉजचं बुकिंग, गुऱ्हाळमालकांना आदल्या दिवशी फोन, टेम्पोवाल्याचा नंबर, परतीच्या दुपारी दोनच्या बसचं आरक्षण, वगैरे. मी यादीशिवाय भाजी आणायलाही जात नाही. घरात त्यावरून चेष्टा होते, पण मीठ संपलंय असं आमच्याकडे कधी होत नाही.

पुण्यात माझा लाडवांचा छोटा उद्योग आहे. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे. नऊ बायका आणि मी. बहुतेक डबे बाळंतिणींच्या घरी जातात. दिवाळी संपली की मागणी वाढते आणि संक्रांतीनंतर महिनाभर टिकते. या सगळ्याला लागणारा गूळ गेली बारा वर्षं माझे वडील कोल्हापूरहून पाठवत. तात्या गुळव्या होते (उसाचा रस किती शिजवायचा आणि मोठी कढई, म्हणजे काहील, कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस). हातातलं काम सुटल्यावरही दर वर्षी ते माझ्यासाठी एक दिवस गुऱ्हाळावर जाऊन बसत, एक आधण (एका वेळी काहिलीत शिजणारा रस) समोर शिजवून घेत आणि ढेपा पाठवून देत. आधण सुरू झाल्यापासून उतरेपर्यंत जागचे हलत नसत. "बाळंतिणीच्या पोटात जायाचा गूळ हाय. बसूनच काढायचा," असं फोनवर सांगत.

तात्या गेल्या उन्हाळ्यात गेले. या वर्षी बसायला मी निघाले होते.

खरं सांगायचं तर बसायला निघाले नव्हते. मालकांनी फोनवर "माल तयार ठेवतो ताई, या आन् घिऊन जावा" असं सांगितलं होतं आणि मी वहीत 'गूळ: तयार' असं लिहून मोकळी झाले होते. म्हणून तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची परतीची बस.

साडेअकराला कोल्हापूर. स्टँडसमोरच्या लॉजवर गेले. स्वतःच्या गावात लॉजवर उतरायची माझी पहिलीच वेळ. तात्यांचं घर भाड्याचं होतं, ते सोडून सहा महिने झाले. काउंटरवरच्या गृहस्थांनी रजिस्टर पुढे ओढलं.

"गाव?"

"कोल्हापूर."

"न्हाय, ऱ्हायला कुठं म्हणतोय मी."

"पुण्याला."

"मग तसं सांगा की. कोल्हापूरचं माणूस लॉजवर कशाला ऱ्हाईल?" त्यांनी पुणे लिहिलं. "येण्याचं कारण?"

"गूळ."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि रकान्यात 'खाजगी' असं लिहिलं.

दुपारी किरकोळ कामं उरकली. मैत्रिणीसाठी भडंग घेतलं, एक चप्पल सांधायला टाकली, लोणी डोसा खाल्ला. लोणी डोसा यादीत नव्हता. संध्याकाळी गंगावेशीकडे गेले, कारण तात्या मला लहानपणी तिथेच दूध प्यायला नेत. अजूनही तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि तोच ग्लास हातात देतो. माझ्या कारखान्यात उकळल्याशिवाय दुधाला कोणी हात लावलेला मला चालत नाही. इथे मात्र मी ओळीत उभी राहिले.

"पावणं, ग्लास सरळ धरा," गवळी म्हणाला. "आन् फेस काय बघताय? फेस सगळ्यांच्यात असतोय. दूध बघा."

ग्लास जड आणि गरम होता. तात्या प्यायच्या आधी म्हशीच्या पाठीवर थाप मारायचे. दुकानातलं बाटलीतलं दूध त्यांनी कधी घेतलं नाही. वाईट असेल असं ते म्हणत नसत. "मी बघितल्यालं न्हाय," एवढंच म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची पन्हाळ्याकडची एसटी पकडली. शहर संपलं की दोन्ही बाजूंनी ऊस लागतो, तो बराच वेळ संपत नाही. काही फडांत तोड चालू होती आणि रस्त्यावर पाचट उडत होतं. समोर पन्हाळ्याचा डोंगर, माथ्यावर धुक्याची एक पट्टी. मी एका फाट्यावर उतरले. कंडक्टर म्हणाले, "हितं काय हाय ताई? गड अजून म्होरं हाय." मी गुऱ्हाळ म्हटल्यावर त्यांनी हाताने दिशा दाखवली. गरज नव्हती, धुराचा लोट दिसत होता आणि अर्ध्या वाटेपासून वास येत होता. शिजणाऱ्या रसाचा वास वर्णन करायला कठीण आहे. ओल्या मातीत कोणी साखर जाळली तर येईल तसा काहीसा. तात्यांच्या सदऱ्याला तो बाराही महिने असायचा.

गुऱ्हाळाचे मालक मल्लाप्पाअण्णा खाटेवर बसून हिशेबाच्या वहीवर पेपर ठेवून पेपर वाचत होते. साठी उलटलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज शेतापलीकडे जाईल असा.

"या या! तात्याची पोरगी! अगं ए, च्या ठेव! बसा. प्रवास कसा झाला? तात्याचं लई वाईट झालं बघा. माणूस सोनं, पण डोस्कं दगड."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? दर साली एक आख्खा दिस माझं गुऱ्हाळ अडवून बसायचा की. हे बघू, ते बघू. मी म्हनायचो, तात्या, माज्यावर इस्वास न्हाय व्हय? तर म्हनायचा, हाय की, म्हणून तर तुज्याकडं येतोय."

चहा आला. चहात मधमाशी पडली होती. गुऱ्हाळात मधमाश्या असायच्याच. अण्णांच्या पत्नीने, म्हणजे आक्कांनी, ती बोटाने काढून टाकली आणि म्हणाल्या, "घ्या, आता गोड झाला."

मग अण्णांनी मला कोठी दाखवली. ढेपा एकावर एक रचलेल्या, सगळ्या सोनेरी पिवळ्या, सारख्या, देखण्या. आमच्या लाडवांसाठी बाजूला काढलेल्या ढेपांवर खडूने माझं नाव लिहिलं होतं. मी घड्याळ बघितलं, साडेआठ. टेम्पो दहाला आला तर साडेअकराला मी कोल्हापुरात, दोनची बस आरामात.

एका ढेपेचा कोपरा फोडून जिभेवर ठेवला. चांगला होता. पण तात्यांचा गूळ कधीही इतका पिवळा नसे. तो विटेच्या रंगाचा असे.

"अण्णा, यात रंग उजळायची पावडर आहे?"

अण्णा लपवाछपवी करणारे नव्हते. "हाय की. चिमूटभर. बाजारात पिवळा मागत्यात, तांबड्याला कोण हात लावत न्हाय. खाणारं कोण मरत न्हाय ताई."

"माझ्यासाठीच्या आधणात तात्या घालू देत होते?"

"त्यो?" अण्णा हसले. "त्यानं पावडरचा डबा दिसला तर चुलवाणात टाकला आसता. म्हणून तर बसायचा."

मी ढेपांकडे बघत उभी राहिले. रंग सोडला तर तक्रारीला जागा नव्हती. नऊ बायका सोमवारी कामावर येणार होत्या, गूळ नसेल तर त्यांचा दिवस फुकट. बाळंतिणींच्या घरी कोणी रंग बघून काही विचारणार नव्हतं, उलट पिवळा गूळ बघून लोक खूश झाले असते. विचारणारा माणूस आता नव्हता. दहा वर्षांपूर्वी मी डब्यावर 'गूळ आमच्यासमोर तयार केलेला' असं छापून घेतलं होतं. तेव्हा ते वाक्य तात्यांच्या भरवशावर खरं होतं.

"अण्णा, आज एक आधण माझ्यासाठी काढता येईल? पावडर न घालता?"

अण्णांनी पेपरची घडी घातली. "आलं की नाही रक्तात! गणपा, ऐकलास का? हिलाबी बसायचंय." मग माझ्याकडे वळून, "तुमची बस?"

"सोडली," मी म्हणाले आणि वहीत दोनच्या बसवर रेघ मारली.

गणपामामा तिथले गुळव्या. पंचावन्नच्या आसपासचे, बारीक, दोन्ही हातांना चटक्यांचे डाग. तात्या गुळव्या असताना ते चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) चिपाड घालायचं काम करत आणि तिथेच शिकून वर आले. त्यांनी मला एक उलटा डबा आणून दिला. वर गोणपाट बांधलेलं.

"तात्यांचा हाय. वाऱ्याच्या ह्या अंगाला बसायचे. धूर न्हाय येत."

मी बसले. दहाला घाणा सुरू झाला आणि रस काहिलीत पडू लागला. पुढचे अडीच तास मी त्या डब्यावर होते. मळी वर आली, गणपामामांनी भेंडीचं चिकट पाणी सोडून ती काढली, रस हिरवट होता तो हळूहळू तपकिरी झाला. बुडबुडे आधी लहान, मग मोठे, मग आळसावल्यासारखे फुटू लागले. पावडरचा डबा कोठीतून बाहेर आला नाही. अण्णा दर अर्ध्या तासाने येऊन "झोपलासा काय ताई?" विचारून जात. माझ्या ओढणीला ठिणगीने एक भोक पडलं. तेही वहीत लिहिलं.

शाळेत असताना मी तात्यांची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर जायची. आधण उतरायच्या सुमारास ते पळीने थोडा पाक थंड पाण्यात सोडत, बोटांनी गोळी वळत आणि मला हाक मारत. "हे घे." ती गोळी गरम असे आणि दातांना चिकटून बसे. मी ती चघळत असे, तोवर इकडे काहील उतरत असे. म्हणून मला वाटायचं, ती गोळी जशी, तसा तयार गूळ.

दुसरी एक आठवण त्याच डब्यावर बसून आली. एकदा तात्यांच्या हातून आधण जळलं. उसाचा मालक गावातच राहायचा. तात्यांनी हात धुतले, मला बरोबर घेतलं आणि दुसऱ्या कोणी सांगायच्या आत त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहिले. "तुमचं आधण बिघडलं. माझ्या हातनं बिघडलं." तो माणूस इतका ओरडला की मी तात्यांच्या पाठीमागे लपले. तात्या टोपी हातात धरून उभे होते. परत येताना मी विचारलं, "त्याला कळलंच नसतं तर?" ते म्हणाले, "मला कळलं हुतं की." थोडं चालल्यावर म्हणाले, "आता झोप लागंल."

साडेबाराच्या सुमाराला गणपामामांनी पाण्यात पाक सोडला, गोळी वळली आणि माझ्यासमोर धरली.

"बघा ताई. इथली रीत हाय. जो आधणाला बसलाय त्यानं उतरायचा शब्द द्यायचा. तात्याच द्यायचे."

मी गोळी तोंडात टाकली. गरम, दातांना चिकटली. अगदी तीच. चाळीस वर्षांपूर्वीची. मी म्हणाले, "काढा."

गणपामामा थांबले. "नक्की?"

"नक्की."

"काढा रे!" ते ओरडले. काहील उचलली गेली आणि पाक वाफ्यात (थंड करायच्या उथळ हौदात) पसरला. लाकडी फावड्यांनी ढवळायला सुरुवात झाली. मी आक्कांकडे जेवायला गेले. भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा, आणि वाटीत शेंगदाणे.

"पोट भरून खावा," आक्का म्हणाल्या. "मी आत्ता दुसरी भाकरी टाकतो." कोल्हापूरच्या बायका अशाच 'करतो, जातो' म्हणतात. मीही लहानपणी बोलायची, पुण्यात लोक हसले म्हणून सोडलं. "खातो की," मी म्हणाले. आक्कांना काही वेगळं वाटलं नाही.

जेवून परत आले तर वाफ्याभोवती माणसं उभी होती. इतका वेळ झाला तरी गूळ बसत नव्हता. फावडं उचललं की तो मागोमाग ओघळत होता. साच्यात भरलेल्या पहिल्या दोन ढेपा कापड काढल्यावर हळूहळू पसरल्या.

"येळेआधी निघालं," अण्णा म्हणाले.

गणपामामा माझ्याकडे बघत नव्हते. "मला वाटलं, लाडवाला मऊ पायजे आसंल. तुमी शब्द दिला म्हणून..."

"पण गोळी बरोबर होती, मामा. तात्या मला हीच गोळी देत होते. अगदी अशीच."

गणपामामांनी फावडं खाली ठेवलं. मग हसू लागले, आवाज न करता, खांदे हलवत.

"ताई, तुमाला ते शेवटच्या आधीची द्यायचे. शेवटची दगडासारखी हुती की. पोरीचं दात हलत्याले हाईत, म्हनायचे, तिला आधीची दे. मग दुसरी वळून काहिलीच्या काठावर आपटायचे. टण्ण वाजलं की उतरायचं. शेवटची त्यांनी कदी चावली न्हाय. ऐकायचे."

मी वाफ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं मी ज्या गोळीला तयार समजत होते ती माझ्या दुधाच्या दातांसाठी वेगळी काढलेली होती.

अण्णांनी खाकरून घसा साफ केला. "ऱ्हाऊ दे ताई. कोठीतल्या ढेपा घ्या. ह्या माझ्याकडं ठेवा, काकवीत मिसळतो. कुणाला कळायचं न्हाय."

"मला कळलंय अण्णा," मी म्हणाले आणि तेव्हाच ऐकू आलं की मी कोणासारखी बोलतेय. "शब्द मी दिला. आधण माझं."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "डोस्कं दगड," ते गणपामामांना म्हणाले. "सांगितलं हुतं ना?" पण त्यांनी स्वतः उठून पत्र्याचे डबे धुवून घेतले आणि मऊ गूळ डब्यांत भरायला माणूस लावला.

पुढचं आधण दुसऱ्याचं होतं. ते उतरायच्या वेळी गणपामामांनी मला हाक मारली. गोळी वळली, काहिलीच्या काठावर टाकली. टण्ण. मग ती उचलून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. फाट्यावर पोचेपर्यंत सूर्य पन्हाळ्यामागे गेला होता. एसटी अर्धा तास उशिरा आली. तो दिवस वहीत लिहिल्याप्रमाणे झाला नव्हता आणि त्याची मला विशेष हळहळ वाटत नव्हती, याची मात्र मी नोंद केली.

लॉजवर पुन्हा एक रात्र काढली. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "मिळाला का गूळ?"

"मिळाला. थोडा बिघडला. माझ्या हातून."

"मग तसं सांगू नका की कुणाला."

"तुमच्यापासूनच सुरुवात केली," मी म्हणाले.

टेम्पोने आलेले गुळाचे डबे पुण्यात उघडले तेव्हा नऊही बायका भोवती जमल्या होत्या. कोणी विचारायच्या आधी काय झालं ते सगळं सांगितलं. लाडू वळायला त्रास झाला. डिंक जास्त घालावा लागला, तरी काही लाडू खाली बसके झाले. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी घातली: 'या वर्षी गूळ माझ्या चुकीमुळे मऊ राहिला आहे. पावडर नाही. लाडू बसके दिसतील. नको असल्यास परत घेऊ.' चार डबे परत आले. एका घरून मात्र बाळंतिणीच्या सासूबाईंचा फोन आला, कवळी लावलेला आवाज. "अहो, असाच गूळ दर वर्षी आणा की. सुनेआधी मीच लाडू संपवले."

कागदातली गोळी माझ्या टेबलावर, वहीशेजारच्या स्टीलच्या ताटलीत आहे. कोणी नवी बाई कामाला आली की मी ती गोळी उचलते आणि ताटलीत सोडते. बायका काम थांबवून ऐकतात.

पुढच्या वर्षीच्या यादीचं पान आत्ताच काढून ठेवलंय. त्यावर परतीच्या बसचं आरक्षण नाही. पहिल्या ओळीत लिहिलंय: 'शेवटची गोळी. चावायची नाही.'